‘मायबाप सरकार’ आणि राष्ट्रनिर्मात्यांचा राज्यविचार

मराठी भाषेत सरकारला जी विशेषणे लागली त्यांत ‘मायबाप’ हे सर्वांत जुने आणि सर्वांत चिवट. तहसील कचेरीतील अर्जापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत ते आजही ऐकू येते. या शब्दात आर्जव आहे, विश्वास आहे आणि थोडी हतबलताही आहे. सरकार मायबाप असेल, तर प्रजा लेकरू ठरते. आणि लेकराला हट्ट करता येतो, रडता येते, पण हिशेब मागता येत नाही. आपल्या राष्ट्रनिर्मात्यांना असेच सरकार अभिप्रेत होते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून या थोर पुरुषांच्या प्रतिमा आपल्यापुढे येतात; त्यांचे ग्रंथ मात्र कपाटातच राहतात. ते ग्रंथ बीड जिल्ह्यातील माजलगावसारख्या गावी बसून वाचले, तर त्यांतील काही वाक्यांना निराळाच अर्थ येतो.

माजलगावच का, असे वाचक विचारतील. त्याला ऐतिहासिक कारण आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा घटना परिषदेपुढे विचारार्थ मांडला, तेव्हा हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन सात आठवडेही झाले नव्हते. १७ सप्टेंबरला निजामाची सत्ता संपली होती आणि मराठवाड्याचा कारभार लष्करी गव्हर्नर मेजर जनरल चौधरी यांच्या हाती होता. घटना परिषदेत हैदराबाद संस्थानचे प्रतिनिधी नव्हतेच. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढून होऊ घातलेली घटना आपल्या राज्यास लागू राहील असे जाहीर केले. म्हणजे जी घटना ‘आम्ही भारताचे लोक’ अशा शब्दांनी सुरू होते, ती माजलगावच्या लोकांपर्यंत एका राजाच्या फर्मानाने पोहोचली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या लोकांनी मत दिले, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने त्यांची झाली. जागीरदार, पाटील, पटवारी आणि अंमलदार यांच्या रूपाने ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सरकार पाहिले, त्यांच्या तोंडी ‘मायबाप’ हा शब्द राहिला, तर त्यात नवल नाही. परंतु शब्द राहिला म्हणून त्यामागची कल्पनाही राहावी काय, हा खरा प्रश्न आहे.

फुले, रानडे आणि गोखले

राष्ट्रनिर्माते म्हणजे केवळ घटना परिषदेचे सदस्य, असा संकुचित अर्थ येथे घेतलेला नाही. घटनेत जे विचार उतरले त्यांची पेरणी महाराष्ट्रात अर्धशतकाहून अधिक काळ आधी झाली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. हा ग्रंथ सामान्यतः ब्राह्मणी वर्चस्वावरील आणि सरकारी नोकरशाहीवरील प्रहार म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या अखेरच्या भागात जोतीराव ज्या उपाययोजना सुचवितात, त्यांकडे समीक्षकांचे लक्ष कमी गेले आहे. सरकारने आपल्या पलटणीतील शिपाई व पोलीस यांच्याकडून ताली, बंधारे घालून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, तलाव-धरणे बांधावीत, असे ते सांगतात. ज्या सरकारच्या कामगारांनी शेतकऱ्याला नाडले, त्याच सरकारकडे ते पाण्याची मागणी करतात. यात विसंगती आहे असे कोणास वाटेल. माझ्या मते जोतीरावांच्या विचाराचे मर्मच येथे आहे. त्यांचा राग सरकार असण्यावर नाही. सरकार मूठभरांच्या हाती असण्यावर आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची वाट वेगळी, स्वरही वेगळा. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात सरकारने उद्योग-व्यापारात हात घालू नये हा त्या काळी सर्वमान्य असलेला इंग्रजी सिद्धान्त त्यांनी तपासून पाहिला. इंग्लंडला जे लागू पडते ते हिंदुस्थानासारख्या मागे पडलेल्या देशाला तसेच्या तसे लागू पडेलच असे नाही, हे त्यांचे प्रतिपादन. त्यासाठी त्यांनी फ्रेडरिक लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा आधार घेतला. राज्यसंस्था ही समाजाच्या सामूहिक गरजा पुऱ्या करण्याचे साधन आहे, असे त्यांचे म्हणणे. ‘साधन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साधन मायबाप नसते. ते ज्याच्या हाती असेल त्याने ते जपावे, वापरावे आणि बोथट झाल्यास त्याला धार लावावी. शिवाय रानडे केवळ पुस्तकी विचारवंत नव्हते. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ साली शेतकऱ्यांना सावकारांपासून संरक्षण देणारा कायदा झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून त्यांनी काम केले. सावकार आणि कुणबी यांच्यातील करार ‘स्वतंत्र’ व्यक्तींमधील करार असतो, ही कल्पना किती पोकळ आहे हे त्यांनी जवळून पाहिले होते.

त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्तीचे शिक्षण टप्प्याटप्प्याने आणावे आणि तो अधिकार स्थानिक संस्थांना द्यावा, अशी त्याची नेमस्त मांडणी होती. तरीही १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. पुढे घटनेच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व आले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो मूलभूत हक्क झाला, आणि २००९ साली त्याचा कायदा झाला. गोखल्यांच्या विधेयकापासून या कायद्यापर्यंत ९८ वर्षे लागली. सरकारचे कर्तव्य काय हे ठरणे आणि नागरिकाला ते हक्काने मिळणे यांमध्ये केवढे अंतर असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

गांधीजींची शंका

या परंपरेला महात्मा गांधींनी गंभीर हरकत घेतली. १९०९ साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर त्यांनी गुजरातीत ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. इंग्रज गेले आणि त्यांची राज्यपद्धती तशीच राहिली, तर त्याला स्वराज्य कसे म्हणावे, हा या छोट्या पुस्तकाचा गाभा. पुढे त्यांनी राज्यसंस्थेकडे एकवटलेल्या हिंसेचे रूप म्हणून पाहिले. राज्याची सत्ता वाढली की वरवर शोषण कमी झालेले दिसते, परंतु माणसाचे स्वत्व खचते आणि प्रगतीचे मूळच त्यामुळे सुकते, अशी त्यांना भीती होती. म्हणून ग्रामस्वराज्य, विश्वस्तपण आणि रचनात्मक कार्य यांवर त्यांचा भर राहिला.

ही भीती निराधार होती, असे स्वातंत्र्यानंतरचा अनुभव पाहून कोणी म्हणू शकणार नाही. परंतु गांधीजींच्या विवेचनात एक जागा मोकळी राहते. गाव स्वतःचा कारभार पाहील. पण त्या गावात पाणवठा कोणाचा? मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि त्यावर हल्ला झाला. न्यायालयाचा अंतिम निर्णय यायला १९३७ साल उजाडले. येथे दोन्ही बाजूंचे सत्य एकत्र दिसते. केवळ सरकारी ठरावाने पाणी मिळाले नाही, ही गांधीजींच्या बाजूची गोष्ट. पण तो ठराव आणि पुढे न्यायालय नसते, तर गावाने आपल्या मर्जीने ते पाणी दिले असते काय? ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्यांच्या गौरवावर जी कठोर टीका केली, तिच्यामागे हा अनुभव उभा होता. घटनेच्या ४० व्या कलमात ग्रामपंचायतींचे तत्त्व आले खरे, पण पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळण्यासाठी १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती व्हावी लागली.

आंबेडकर विरुद्ध आंबेडकर?

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यात सरकारची भूमिका अतिशय व्यापक आहे. मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत. विमा सरकारी असावा आणि प्रत्येक प्रौढ व्यक्तीला तो सक्तीचा असावा. शेती हा राज्याचा उद्योग असावा. सरकारने जमिनीचे ठरावीक आकाराचे विभाग पाडून ते जात वा धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसण्यासाठी द्यावेत, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत, बी-बियाणे पुरवावे. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे भेदच त्यामुळे राहू नयेत. आणि हे सर्व कायद्याने नव्हे, तर घटनेनेच ठरवून टाकावे, म्हणजे उद्याचे बहुमत ते मोडू शकणार नाही. सरकारचा हात दूर ठेवला की स्वातंत्र्य वाढते, हा युक्तिवाद ते मान्य करीत नाहीत. ते विचारतात, स्वातंत्र्य कोणाचे? जमीनदाराला खंड वाढविण्याचे आणि मालकाला कामाचे तास वाढविण्याचे स्वातंत्र्य म्हणजे बाकीच्यांवर खाजगी हुकूमशाहीच होय.

यानंतर वीस महिन्यांनी, १५ नोव्हेंबर १९४८ रोजी, प्रा. के. टी. शहा यांनी घटनेत ‘समाजवादी’ हा शब्द घालावा अशी सूचना आणली, तेव्हा ती नाकारणारेही बाबासाहेबच होते. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळातील लोकांनी ठरवावे. घटनेने त्यांचे हात बांधणे म्हणजे लोकशाही नष्ट करणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मार्गदर्शक तत्त्वांत आर्थिक न्यायाची दिशा आलेलीच आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

या दोन भूमिकांचा मेळ कसा घालावयाचा? काही अभ्यासक म्हणतात की पहिली भूमिका एका पक्षाच्या प्रवक्त्याची आणि दुसरी मसुदा समितीच्या अध्यक्षाची. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पहिल्या निवेदनात बहुमताविषयी खोल अविश्वास आहे, आणि दलित समाजाच्या अनुभवातून तो आलेला असल्यामुळे त्याला उत्तर देणे सोपे नाही. दुसऱ्या भाषणात मतदाराच्या विवेकावर भिस्त आहे. टीकाकार म्हणून मला दोन्हींत उणीव दिसते, हे नम्रपणे नोंदवितो. १९४७ च्या योजनेत शेतकरी जमीनदाराच्या तावडीतून सुटतो, पण सरकार हा एकच जमीनमालक उरतो. निजामाच्या मुलखात ज्यांनी सरकारी अंमलदाराचा वरचष्मा पाहिला, त्यांनी विचारले असते, की त्या एकुलत्या एका मालकाचा कारकून उर्मट निघाला तर दाद कोणाकडे मागावयाची? बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांची आणि न्यायालयाची तजवीज केली होती हे खरे. पण न्यायालय माजलगावच्या शेतमजुरापासून फार दूर असते. उलट १९४८ च्या भूमिकेत लोकशाही सुरक्षित राहते, पण गरिबाच्या हाती येतात ती मार्गदर्शक तत्त्वे, ज्यांची अंमलबजावणी ३७ व्या कलमानुसार न्यायालयाकडून करवून घेता येत नाही.

तरीही निवड करावयाची झाल्यास मी १९४८ च्या आंबेडकरांना जवळचे मानतो. कारण तेथे सरकारची भूमिका ठरविण्याचे काम ते लोकांवरच सोपवितात. लोकांना लेकरू समजणारा माणूस असे करणार नाही.

आपल्या वाचकांना येथे एका समांतर विचाराची आठवण होईल. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या संरक्षणासाठी राज्याने हस्तक्षेप करणे न्याय्य ठरविले. चाळीस वर्षांनी, १९३१ साली, पोप अकरावे पायस यांनी त्याला मर्यादाही घातली: जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, त्याला साह्य मात्र करावे. रानडे-आंबेडकरांचा आग्रह आणि गांधीजींची शंका या दोन टोकांमध्ये विचार करताना हे सूत्र उपयोगी पडते. घटना परिषदेत फादर जेरोम डिसोझा यांच्यासारखे येशूसंघीय धर्मगुरू सदस्य होते, हेही येथे नमूद करावेसे वाटते. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा निर्णय झाला. त्यामागील अल्पसंख्याक समितीचे काम पाहणारे डॉ. एच. सी. मुखर्जी हे ख्रिस्ती होते. सरकारकडून विशेष संरक्षण मागण्यापेक्षा समान नागरिकत्वाच्या हक्कांवर विसंबण्याचा हा मार्ग होता. तो किती फळला यावर मतभेद होऊ शकतील, पण त्यामागची दृष्टी मायबाप सरकारची नव्हती, एवढे निश्चित.

माजलगावची कसोटी

विचारांची परीक्षा शेवटी जमिनीवर होते. पैठण येथे १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्याच्याच दुसऱ्या टप्प्यात सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण उभे राहिले, आणि पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी त्याला जोडले गेले. जोतीरावांनी १८८३ साली जे मागितले होते ते दुष्काळी मुलखात प्रत्यक्ष आले, ही सामान्य गोष्ट नव्हे. धरणामुळे बागायत आली, ऊस आला, कारखाने आले. पण धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्याशी सरकार १८९४ सालच्या परकीय राजवटीच्या भूसंपादन कायद्याची भाषा बोलत होते. तो कायदा बदलायला २०१३ साल उजाडले. आणि आलेले पाणीही सरकारच्या कृपेवर सोडता येत नाही, हे नाशिक-अहिल्यानगरकडील वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याच्या वादाने शिकविले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर मराठवाड्याला दाद मागावी लागली. तेथे उपयोगी पडला तो नियम. कोणाची माया नव्हे.

दुसरे उदाहरण रोजगार हमी योजनेचे. १९७२ च्या भीषण दुष्काळात मराठवाडा होरपळत असताना, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेने लक्षावधी हातांना काम दिले. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. घटनेच्या ४१ व्या कलमातील कामाच्या हक्काचे तत्त्व महाराष्ट्राने कायद्यात उतरविले, आणि त्याचा भार शहरातील नोकरदार-व्यावसायिकांनी व्यवसाय कराच्या रूपाने उचलला. २००५ साली केंद्रानेही ग्रामीण रोजगाराचा कायदा केला. १९४७ आणि १९४८ च्या आंबेडकरांना जोडणारा दुवा मला येथे दिसतो. मार्गदर्शक तत्त्व न्यायालयाला बांधत नसेल, पण लोकप्रतिनिधी त्याचा कायदा करू शकतात, आणि मग मजूर काम मागतो ते याचक म्हणून नव्हे, तर हक्कदार म्हणून.

परंतु याच जिल्ह्यातून दर वर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून राबतात, मुलांची शाळा सुटते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण उघडकीस आले आणि राज्याला चौकशी समिती नेमावी लागली. घटनेच्या ४२ व्या कलमात कामाच्या मानवी परिस्थितीचा आणि प्रसूतिसाह्याचा उल्लेख आहे. ‘खाजगी हुकूमशाही’ म्हणून बाबासाहेबांनी जे म्हटले, ते उचल घेतलेल्या कोयत्याला समजावून सांगावे लागणार नाही. येथे सरकार अधिक असण्याची गरज आहे, कमी नव्हे.

आणि एक कटू आठवण. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या दिवसांत, माजलगावात आमदारांच्या निवासस्थानाला आणि नगरपरिषदेच्या इमारतीला आग लावण्यात आली. आरक्षणाच्या मागणीचा न्याय-अन्याय हा या लेखाचा विषय नाही. पण नगरपरिषद कोणाची होती? २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते, की सनदशीर मार्ग खुले असताना इतर मार्ग म्हणजे अराजकाकडे नेणारी वाट आहे. त्याच भाषणात राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असाही इशारा होता. हे दोन इशारे एकत्र वाचले पाहिजेत. सरकारला मायबाप मानून त्याच्या पाया पडणे आणि मायबापाने झिडकारले म्हणून घर पेटविणे, या दोन्ही कृतींच्या मुळाशी एकच समजूत आहे: हे सरकार आपले नाही, दुसऱ्या कोणाचे तरी आहे.

फुले, रानडे, गोखले, गांधी, आंबेडकर यांचे सरकारच्या कार्यकक्षेविषयी एकमत नव्हते, आणि ते होते असे भासविणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. सरकारने किती करावे याविषयी ते आपापसांत झगडले. पण प्रजेने आज्ञाधारक लेकरासारखे राहावे, असे त्यांपैकी एकानेही सांगितले नाही. सरकारकडून पाणी, शाळा, काम आणि संरक्षण मागताना आपणही त्याचे धनी आहोत, याचे भान त्यांना हवे होते. ग्रामसभेला हजर राहणे, ठराव वाचून सही करणे, शाळेच्या व्यवस्थापन समितीत प्रश्न विचारणे, ऊसतोडीवरून परतलेल्या शेजाऱ्याचे नाव कामाच्या यादीत आहे की नाही हे पाहणे, ही कामे लहान दिसतात. राष्ट्रनिर्मात्यांचे ग्रंथ वाचून झाल्यावर करावयाची कामे मात्र हीच आहेत, आणि ती माजलगावातही करता येतात, आपल्या धर्मग्रामातही.